पेंढीची गोळी

लग्न होऊन मी या गावात आले, त्याच्या पहिल्याच आठवड्यात मला कळलं की आमच्या सासूबाईंच्या तोंडात 'माझं चुकलं' हे शब्द नाहीत. आमटी खारट झाली तर यंदाचं मीठच कडक निघालेलं असतं. एसटी निघून गेली तर ड्रायव्हरला घरी जायची घाई असते. एकदा मामंजींच्या श्राद्धाची तिथी त्यांनी एक दिवस आधीच धरली, पान वाढून परड्यात ठेवलं, कावळा काही शिवेना, तर कावळ्याचीच खरडपट्टी काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पान वाढलं, ते मात्र गुपचूप.

मी त्यांना आत्या म्हणते. गावाला त्या चंद्राबाई. मुळशी धरणाच्या पाण्याला लागून आमची भातखाचरं आहेत, आणि त्यांच्या वरच्या अंगाला दादासाहेबांचा रिसॉर्ट. हे दादासाहेब भावकीतलेच, आत्यांना काकी म्हणतात, आणि मधल्या बांधावरून आत्यांचं आणि त्यांचं भांडण मी यायच्या आधीपासून चालू आहे. बांध नेमका कुणी सरकवला ते देवाला ठाऊक. आत्यांना विचाराल तर त्यांनाही ठाऊक आहे.

तर अशा बाईची सून म्हणून गावात वावरणं सोपं नव्हतं. पौडच्या बाजारात कुणी "कुनाची गं तू?" असं विचारलं तर मी "टेम्पोवाल्या दत्तांची बायको" म्हणून वेळ मारून न्यायचे. चंद्राबाईची सून म्हटलं की समोरचा माणूस एकतर हसायचा, नाहीतर स्वतःचं एखादं जुनं भांडण उकरून काढायचा.

एका बाबतीत मात्र कुणी त्यांच्यापुढे ब्र काढत नाही. आंबेमोहोराचं बियाणं. कापणीच्या आधी आत्या खाचरात उतरून चांगल्या लोंब्या एकेक निवडतात, वेगळ्या झोडपतात, वाळवतात आणि बियाण्याच्या कणगीत भरतात. बांबूची, शेणामातीने लिंपलेली ही कणगी त्यांच्या खांद्याइतकी उंच आहे, आणि तिच्यावर सुपाएवढं लाकडी झाकण. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून झाले की अर्धं गाव बी न्यायला आमच्या ओटीवर येतं. उंदराने टोकरलेला एक दाणा त्यात सापडायचा नाही. ही कामगिरी पेंढीची.

पेंढी म्हणजे आमची मांजर. भाताच्या पेंढ्याच्या गंजीत सापडलेली, आणि रंगानेही पेंढ्यासारखीच. आमचा रोहित तेव्हा रांगत होता, आता तो कॉलेजला जातो, यावरून तिचं वय काढा. झोपायची ती कणगीच्या झाकणावर आणि उठायची ती उंदराच्या चाहुलीने. म्हणून आत्यांनी कधीकाळी एक नियम घातला. बी न्यायला येणाऱ्याने पेंढीचा वाटा आणायचा. मूठभर सुकट, नाहीतर धरणातली बोटभर चिलापी मासळी. सरपंच रिकाम्या हाताने आले तर त्यांनाही परत पाठवलेलं मी पाहिलंय. "राखन कुनी केली? तिनं. मग मान कुनाला?" एवढंच त्यांचं म्हणणं. फक्त दादासाहेब कधी आले नाहीत. ते दुकानातलं पिशवीचं बी पेरायचे, आणि आत्या त्यांच्या खाचराकडे बघून नाक मुरडायच्या.

गेल्या दिवाळीनंतर पेंढी अचानक तरुण झाली. म्हणजे आत्यांच्या मते झाली. दिवसभर लोळणारी म्हातारी मांजर पडवीभर धावायला लागली, फळीवर उड्या मारायला लागली, आणि खाणं तर विचारूच नका. सकाळचा दूधभात चाटूनपुसून खायचा, मग माझ्या मागे ओरडत फिरायचं, मग चुलीपाशी, मग शेजारच्या कमळच्या घरी. आत्यांना तर स्वर्ग ठेंगणा झाला. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्या सांगायच्या, "बगा आमची पेंढी! ह्या वयात कशी उधळतीया. हातचं धान खाल्लं की असं व्हतं. तुमी खावा ती पालिशची तांदळं."

मी एकदा पेंढीच्या पाठीवरून हात फिरवला आणि दचकले. मणका न मणका हाताला लागत होता. अंगावरचे केस पिंजारलेले, पोट खपाटीला गेलेलं.

"आत्या, हिची हाडं लागत्यात. एवढं खाऊनबी वाळत चाललीया."

"तुज्याच डोळ्यांत हाडं हायेत," आत्या म्हणाल्या. "पळणारं जनावर हाय ते. तुज्यावानी बसून खात न्हाई."

माझं वजन हा आमच्या घरात सगळ्यांच्या मालकीचा विषय आहे. रोहितच्या पाठीवर मला थायरॉइड निघाला. अंग सुजल्यासारखं झालं, केस गळायला लागले, सकाळी अंथरुणातून उठवेना. मग डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली, उपाशीपोटी घ्यायची, आणि मी माणसात आले. आता गावात दर दोन घरांआड त्या गोळ्यांची बाटली आहे. पाण्यावर बायका जमल्या की एकमेकींना पॉवर विचारतात, चष्म्याची विचारावी तशी.

डिसेंबरात गाईगुरांना लाळ्याखुरकताची लस द्यायला जनावरांचे डॉक्टर आले. आत्यांनी मोठ्या कौतुकाने पेंढी त्यांच्यापुढे धरली, वय ओळखा म्हणून. डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला, छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मावशी, छाती फार पळतेय हिची. आणि गळ्यात बारीकशी गाठ लागतेय. म्हाताऱ्या मांजरांना थायरॉइडचा त्रास होतो, तसा संशय येतोय. पण रक्त तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. कुत्र्या-मांजरांच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि तोपर्यंत औषध काही नको."

आत्यांनी त्या दिवशी दारावरून जाणाऱ्या कुणालाही थांबवलं नाही. गावभर मिरवलेलं तरणेपण आजार निघाला, हे त्यांना लागलं होतंच. पण त्याहून जास्त काहीतरी लागलं होतं. संध्याकाळी त्या कणगीपाशी बसून पेंढीच्या गळ्यावर बोट फिरवत होत्या, आणि ती गाठ सापडली तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यांना तसं पाहिलेलं आवडत नाही.

दवाखान्यात न्यायचं तर आमच्या ह्यांचा टेम्पो रिकामा पाहिजे. वर्षअखेरीला सगळे रिसॉर्ट भरलेले, टेम्पोला उसंत नाही. आज नेऊ, उद्या नेऊ असं चाललं. आणि त्या मधल्या दिवसांत आत्यांनी जे केलं ते मला खूप नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. त्यांनी विचार केला, सुनेला थायरॉइड झाला तेव्हा गोळीनेच ती बरी झाली. गोळी घरात आहे. मांजर सुनेपेक्षा लहान, म्हणजे गोळीचा तुकडा बस. मी गोठ्यात गेले की त्या माझी बाटली उघडायच्या, विळीवर गोळी तोडायच्या आणि तुकडा दुधात विरघळवून पेंढीला पाजायच्या. आणि मला डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, पेंढीलाही उपाशीपोटी! वर अर्धा तास खायला काही नाही. भुकेने ती बिचारी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आकांत करायची, आणि आत्या आतून समजूत घालायच्या, "थांब बाय, गोळी जिरू दे."

पेंढीचं दुखणं उतरायच्या ऐवजी चढत गेलं. रात्रंदिवस ओरडणं, हगवण, नजर भिरभिरलेली. एका सकाळी ती कणगीवरून उतरली आणि जमिनीवर आडवी झाली. तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकत होती. मांजर अशी धाप टाकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

टेम्पो पुण्याला गेलेला. रिसॉर्टच्या फाटकापाशी गाडी होती ती एकच, दादासाहेबांची. मी धावत जाऊन त्यांना हात जोडले. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं. "मांजराला थायरायड? वहिनी, आता कोंबडीला चश्मा लावा." पण गाडी काढली. आत्या तोवर पेंढीला कोंबड्यांच्या डालग्यात घालून, वर जुनं लुगडं बांधून तयार होत्या. दादासाहेबांच्या गाडीत त्या जन्मात कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी मागच्या सीटवर बसल्या आणि डालगं मांडीवर घेतलं.

दवाखाना महाळुंग्याकडे, एका नव्या उंच इमारतीच्या खाली. तिथे काचेच्या खिडकीच्या पिशव्यांमधून मांजरं आलेली. आमच्या डालग्याकडे लोक बघत होते, आणि डालग्यातून पेंढीचा आवाज सगळ्या हॉलभर जात होता. डॉक्टर ज्ञानदा नावाची तरुण मुलगी होती. तिने लगेच आत घेतलं, प्राणवायू लावला, छाती शांत करायचं औषध दिलं. थोड्या वेळाने धाप कमी झाली. मग तिने रक्त काढायची तयारी केली आणि आम्हाला आत बोलावलं. दादासाहेबही मागोमाग आले आणि भिंतीला टेकून मोबाइल बघत उभे राहिले.

"लक्षणं थायरॉइडचीच वाटतायत," ज्ञानदा म्हणाली. "रक्तातल्या आकड्यावरून ठरेल. हिला सध्या दुसरं काही औषध चालू आहे का?"

"नाही," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

मग आत्यांनी विचारलं, "डाक्टरीणबाई, मानसाची न् मांजराची थायरायडची गोळी येकच असती न्हवं?"

"नाही हो आजी. माणसांमध्ये बहुतेक वेळा ती गळ्यातली ग्रंथी मंद झालेली असते. म्हणून कमी पडतं ते गोळीतून वरून देतात. मांजरांमध्ये उलटं असतं. ग्रंथी नको इतकी काम करते, तिला आवरायचं औषध लागतं. माणसाची गोळी हिला दिली तर आगीत तेल ओतल्यासारखं होईल."

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांचा हात पेंढीच्या पाठीवर होता. त्यांना गप्प बसता आलं असतं. मला माहीत नव्हतं, डॉक्टरला माहीत नव्हतं, आणि पेंढी काही सांगणार नव्हती. शिवाय भिंतीला दादासाहेब टेकलेले. दुसरा कुणीही असता तर गोष्ट वेगळी. ज्या माणसापुढे त्यांनी वीतभर बांध सोडला नाही, तो दोन पावलांवर उभा होता.

"मी दिली," आत्या म्हणाल्या. हळू बोलणं त्यांना येतच नाही, खाचराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा त्यांचा आवाज. बाहेरच्या हॉलमधली माणसं दाराकडे वळून बघायला लागली. "ह्या माज्या सुनेची गोळी हिला पाजली. रोज. डाक्टर नगं म्हनला व्हता तरी पाजली. माजं चुकलं, बाय. आता काय करायचं ते सांग."

दादासाहेबांनी मोबाइल खाली घेतला.

ज्ञानदाने हातातली सुई बाजूला ठेवली. रागावली नाही. उलट आत्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आजी, बरं झालं सांगितलंत. नाहीतर त्या गोळीमुळे आकडा फुगलेला आला असता, आणि तो खरा धरून मी चुकीच्या मापाचं औषध दिलं असतं. आता ती गोळी अंगातून पूर्ण उतरू दे. काही आठवडे मी फक्त छातीचं औषध देते, मग रक्त तपासू."

"तवर जगंल का?"

"आत्ता सांगता यायचं नाही. पण आता मला खरं काय ते ठाऊक आहे, त्यामुळे प्रयत्न करता येईल."

परतीच्या वाटेत माझ्या मनात एकच चाललं होतं. हे आता संध्याकाळपर्यंत गावभर होणार, पुढची निवडणूक येईपर्यंत लोकांना हसायला पुरणार. पिरंगुटला दादासाहेबांनी चहासाठी गाडी थांबवली. स्वतः उतरून डालगं सावलीत नेऊन ठेवलं, आणि चहाचा ग्लास आत्यांच्या हातात दिला.

आत्यांनी ग्लास घेतला. "हसायचं आसंल तर हास दादासाहेब. मागनं नगं, तोंडावर हास."

"न्हाई काकी," दादासाहेब म्हणाले. त्यांनी आपल्या चहाकडे पाहिलं. "माज्यानं न्हाई झालं आसतं तसं. चार लोकांत."

पुढचे आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. माझी बाटली आत्यांनी स्वतःच्या हाताने उचलून वरच्या फळीवर, देवाच्या मागे नेऊन ठेवली. दुसऱ्या तपासणीत थायरॉइड आहे हे नक्की झालं, आणि पेंढीची स्वतःची गोळी आली. सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. ती खाऊ घालणं म्हणजे रोजची लढाई. चिलापीच्या तुकड्यात लपवली तर पेंढी तुकडा खायची आणि गोळी स्वच्छ चाटून जमिनीवर ठेवायची. शेवटी आत्या तिला लुगड्यात गुंडाळून गुडघ्यांत धरायला लागल्या. जबडा बाजूने उघडायचा, गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची आणि गळा चोळत म्हणायचं, "गीळ बाय, ही तुजीच हाय."

डॉक्टरने वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आत्यांनी धान्याचा तराजू काढला. एका पारड्यात पेंढी, दुसऱ्यात तांदळाची पिशवी. पेंढी वाढली की पिशवीत मूठभर तांदूळ वाढवायचे. पहिली मूठ टाकायची वेळ आली तेव्हा आत्यांनी मला चुलीपासून हाक मारून बोलावलं. त्यांनी मूठ सोडली, पारडं समतोल झालं, आणि आम्ही दोघी हसलो. पेंढीने मात्र तोंड फिरवलं. शिमगा उलटेपर्यंत पिशवी चांगली फुगली, पेंढी पुन्हा झाकणावर झोपायला लागली, आणि आता झोपली की खरंच झोपायची. एके दिवशी तिने भलामोठा उंदीर आणून माझ्या पाटावर ठेवला. इतक्या आनंदाने मी उंदराकडे कधी पाहिलं नव्हतं.

दादासाहेबांनी गावात अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, झाकलं गेलं. मग राब भाजून झाले आणि बी न्यायला गाव आलं. पहिली कमळच. तिने सुकट पेंढीपुढे ठेवली, आत्यांनी झाकण काढलं, सूप भरलं आणि म्हणाल्या, "कमळ, तुज्या घरात थायरायडची बाटली हाय न्हवं? मांजराला कवा देऊ नगंस. मी दिली व्हती. पेंढी मरता मरता ऱ्हायली. माजं चुकलं."

कमळ आ वासून बघत राहिली. मग दुसरी आली, तिलाही तेच. तिसरीला तेच. पुरुषांनाही सोडलं नाही. लोक ओटीवरून उतरून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि मग फस्सकन हसायचे, ते मला माजघरापर्यंत ऐकू यायचं. दुपारी मी कळवळून म्हणाले, "आत्या, कशापायी सांगताय सगळ्यांस्नी? कुनाला काय बी ठावं न्हवतं."

आत्या सूप झाडत होत्या. "घराघरात ती बाटली हाय, घराघरात मांजर हाय. उद्या माज्यावानी कुनीतरी शानी निघंल. हसू दे की. हसताना ध्यानात तरी ऱ्हाईल."

मी त्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि पुढच्या माणसाचं बी मी मोजायला लागले.

संध्याकाळी दादासाहेब आले. हातात कागदाच्या पुडीत सुकट. एका वाफ्यापुरतं बी हवं होतं, पेरून बघायला, असं म्हणाले. आत्यांनी दिलं, काठोकाठ माप दिलं, आणि माप ओतता ओतता बांधावरून त्यांना दोन शब्द सुनावले. त्यांनीही चार सुनावले. पेंढी मधे बसून दोघांच्या देखत सुकट खात होती.

परवा पौडला बचतगटांची बैठक होती. चहाच्या वेळी धरणाच्या पलीकडच्या गावची एक बाई, आधी कधी न पाहिलेली, सांगत होती. "आमच्या घरी माज्या नवऱ्यानं गोळी काढलीच व्हती मांजरासाठी. ते बी वाळत चाललं व्हतं ना. मी म्हनलं थांबा, त्या तिकडं येका म्हातारीनं आसंच केलं व्हतं. मग दवाखान्यात न्हेलं बाई." बाकीच्या हसायला लागल्या. कुणी म्हणालं, "व्हय व्हय, आमीबी ऐकलंय! कोन गं ती?"

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. "तुमी त्याच अंगाच्या ना? वळखता का तिला? तुमी कुनाच्या?"

मी कप खाली ठेवला, पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

"मी चंद्राबाईची सून. ती म्हातारी म्हंजे माजी सासू."